इन्चार्जने घेतलेली दखल आणि परिचारिकांचे कामातले समाधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वॉर्ड इन्चार्ज, सुपरवायझर आणि मेट्रन यांच्यासाठी लिहिले आहे. पाळीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल. परिचारिका म्हणताना पुरुष परिचारकही त्यात आलेच.

दखल आणि कौतुक यांत फरक काय?

"छान काम केलेत" हे कौतुक झाले. त्यात काय छान होते ते नसते, त्यामुळे ऐकणारीला ते दोन मिनिटांत विसरायला होते. दखल घेणे म्हणजे इन्चार्जने काम पाहिले, त्यामागे कोणता निर्णय होता ते ओळखले आणि तसे त्या व्यक्तीला कळवले. या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवरच बहुतेक वॉर्डांत गाडी अडते, कारण काम पाहिलेलेच नसते. न पाहिलेल्या कामाबद्दल बोलायला गेले की शब्द आपोआप गुळमुळीत होतात, आणि परिचारिकांना ते लगेच ओळखू येते.

दखल फक्त बोलूनच घेतली जाते असेही नाही. अवघड ड्रेसिंगच्या वेळी "तुम्ही कसे केले असते?" असे विचारणे, हँडओव्हरच्या (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याच्या) नमुन्यात कुणी सुचवलेला बदल खरोखर अमलात आणणे, प्रशिक्षणासाठी नाव पाठवणे, वार्षिक मूल्यमापनात नेमका प्रसंग लिहिणे, ही सगळी दखलेचीच रूपे. सुचवलेला बदल झाला आणि तो कुणी सुचवला हे सर्वांना सांगितले, तर त्याचे मोल कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा जास्त असते.

समाधानावर याचा खरोखर परिणाम होतो का?

होतो, आणि हे आजकालचे निरीक्षण नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धांतात दखल हा समाधान देणाऱ्या प्रमुख घटकांपैकी एक होता. पगार, कामाची स्थिती आणि देखरेख हे घटक मात्र त्यांनी वेगळ्या गटात ठेवले. हे बिघडले तर असमाधान वाढते, पण नुसते ठीक असले म्हणून समाधान निर्माण होत नाही, असे त्यांचे म्हणणे. तो मूळ अभ्यास अभियंते आणि हिशेबनीस यांच्यावर केलेला होता, म्हणून तो जसाच्या तसा वॉर्डला लावू नये.

परिचारिकांपुरते बोलायचे तर मेरी ब्लेगन यांनी १९९३ मध्ये ४८ अभ्यास एकत्र करून १५,००० हून अधिक परिचारिकांच्या माहितीचे विश्लेषण केले. समाधानाशी सर्वांत घट्ट संबंध ताण आणि संस्थेशी बांधिलकी या दोन गोष्टींचा दिसला. त्यांच्या खालोखाल मध्यम ताकदीचा संबंध असलेल्या घटकांत वरिष्ठांशी संवाद, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि दखल हे तिन्ही होते. समाधान मोजण्यासाठी १९९० पासून वापरात असलेल्या मॅक्लॉस्की-म्यूलर मापनपट्टीत ३१ प्रश्न आणि ८ उपगट आहेत, त्यांपैकी एक उपगट केवळ कौतुक आणि दखल यांचा आहे. आयलीन लेक यांनी २००२ मध्ये तयार केलेल्या कामाच्या वातावरणाच्या मापनपट्टीतही ३१ विधाने आहेत. त्यात इन्चार्जच्या नेतृत्वाबद्दल ५ विधाने असून चांगल्या कामाबद्दल मिळणारी शाबासकी हे त्यांतले एक. अमेरिकेतील अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने २००५ मध्ये निरोगी कार्यस्थळाची सहा मानके जाहीर केली, त्यांत 'अर्थपूर्ण दखल' हे स्वतंत्र मानक आहे. कुशल संवाद आणि पुरेसे मनुष्यबळ यांच्याच रांगेत ते बसवले आहे, हे लक्षात घ्या.

या संशोधनावर कितपत विसंबावे?

दिशा ठरवण्यापुरते नक्की, पण आकडा सांगण्यासाठी नाही. बहुतेक अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर आधारलेले आहेत. दखल मिळते का आणि समाधान आहे का, ही दोन्ही उत्तरे तीच व्यक्ती एकाच बैठकीत देते. जी आधीच समाधानी आहे तिला इन्चार्जचे साधे बोलणेही दखल वाटू शकते, आणि वैतागलेलीला खरे कौतुकही टोचते. त्यामुळे दखलेने समाधान वाढले की समाधानी व्यक्तीला दखल जास्त दिसली, हे अशा अभ्यासातून पूर्ण सुटे होत नाही. "दखल वाढवली की समाधान इतके टक्के वाढेल" असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

डॉक्टर, रुग्ण, सहकारी हेही कौतुक करतात. मग इन्चार्जचेच इतके महत्त्व का?

रुग्णाला परिचारिकेचा स्वभाव दिसतो: तिने विचारपूस केली, वेळेवर पाणी दिले, धीर दिला. त्याचे आभार मोलाचे असतात. पण हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या दोन वेगवेगळ्या ताकदीच्या सारख्या दिसणाऱ्या व्हायलींपैकी चुकीची हातात आली होती आणि तिने ती परत ठेवली, हे रुग्णाला कधीच कळत नाही. डॉक्टरांना राउंडपुरते काम दिसते. सहकाऱ्यांना दिसते, पण त्यांच्या हातात रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, नसतो.

कौशल्य ओळखण्याइतके ज्ञान आणि त्यावर काही करण्याइतका अधिकार, या दोन्ही गोष्टी इन्चार्जकडे एकत्र असतात. कुणाला कोणते बेड, कुणाची रजा मंजूर, कुणाचे नाव प्रशिक्षणाला, मूल्यमापनात काय लिहायचे, हे तीच ठरवते. म्हणून तिचे शब्द नुसते शब्द राहत नाहीत. "इथे माझ्या कामाला किंमत आहे का?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते ऐकले जातात. तिचे मौनही तसेच ऐकले जाते. महिनोनमहिने काहीच न बोलणारी इन्चार्ज स्वतःला तटस्थ समजत असते, पण समोरच्यांना ती नाराज वाटते.

माणसे कमी, पगार अपुरा. तिथे शाबासकीने काय होणार?

फार काही नाही, आणि तसे भासवलेच तर नुकसान होते. लिंडा एकन यांच्या २००२ च्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये आणि १०,१८४ परिचारिका होत्या. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की कामाबद्दलच्या असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी, थकून करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे ओझे गोड शब्दांनी हलके होत नाही.

योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेले प्रयत्न आणि मोबदला यांच्या तोलाचे प्रारूप इथे उपयोगी पडते. मोबदला तीन चलनांत मिळतो: पैसा, मान, आणि नोकरीची शाश्वती किंवा बढती. इन्चार्जच्या हातात यांपैकी मान हे एकच चलन पूर्णपणे असते. ते द्यायलाच हवे. पण त्याने इतर दोन फेडता येत नाहीत.

माणसे कमी असताना दखल घ्यायची तर आधी वस्तुस्थिती मान्य करा. "आज तिघींचे काम दोघींनी केले. ही स्थिती बरोबर नाही. मी आजच लेखी कळवले आहे, ही त्याची प्रत." यानंतर केलेले कौतुक ऐकले जाते. हे न म्हणता थेट "तुम्ही सगळ्या किती धीराच्या" असे म्हटले तर त्याचा अर्थ "असेच चालू राहणार" असा घेतला जातो, आणि तो अर्थ बहुधा चुकीचा नसतो.

नेमके काय बोलावे? उदाहरण द्याल का?

चार गोष्टी सांगायच्या: कोणत्या वेळी, काय केले, ते का अवघड होते, आणि त्यामुळे काय झाले किंवा टळले. उदाहरणार्थ:

"सिस्टर, काल रात्री दोन वाजता बेड ४ च्या पेशंटचा श्वसनदर १८ वरून २६ वर गेला होता. ऑक्सिजन आणि रक्तदाब तेव्हा ठीकच होते, तरी तुम्ही थांबला नाहीत. पुन्हा पूर्ण एक मिनिट मोजून डॉक्टरांना बोलावलंत. पहाटे त्यांना हलवायची वेळ आली तेव्हा सगळी तयारी होती. तुमच्या नोंदी वाचून मला ते कळलं."

यात कौतुकाचे एकही विशेषण नाही, तरी ऐकणारीला कळते की इन्चार्जने चार्ट वाचला आहे. रुग्णाची प्रकृती ढासळते आहे का हे गुणांनी दाखवणाऱ्या न्यूज-२ या तक्त्यानुसार श्वसनदर मिनिटाला २५ किंवा अधिक झाला की त्या एकाच निकषाला ३ गुण पडतात आणि तातडीने तपासणी व्हावी लागते. वॉर्डात श्वसनदर अंदाजाने लिहिण्याची खोड सर्वत्र असते, म्हणूनच पूर्ण मिनिट मोजल्याचा उल्लेख महत्त्वाचा. तो ऐकून बाकीच्यांनाही समजते की या वॉर्डात कशाला किंमत आहे.

शेवटचे वाक्य, म्हणजे तुम्हाला हे कुठून कळले, ते गाळू नका. त्यानेच बोलण्याला विश्वासार्हता येते.

बोलण्याची वेळ तीच पाळी किंवा फार तर पुढची. आठवड्याने सांगितले तर प्रसंग पुसट झालेला असतो. प्रत्यक्ष भेट होणार नसेल तर तीन ओळींची चिठ्ठी लिहा, शक्यतो हाताने.

काही वाक्ये मात्र टाळलेलीच बरी. "तुमच्यासारख्या सगळ्या असत्या तर" यात बाकीच्यांचा अपमान आहे. "आज तरी वेळेवर नोंदी झाल्या" यात टोमणा आहे. आणि "छान केलेत, आता जरा बेड ९ पण बघा" असे म्हटले की पुढच्या वेळी कौतुकाचा पहिला शब्द ऐकताच समोरची व्यक्ती सावध होते: आता काम येणार.

कोणत्या कामाची दखल सर्वांत जास्त राहून जाते?

जे घडले नाही त्याची. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवले तर सगळा वॉर्ड बोलतो. पण तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलवून त्याच्या माकडहाडावर एक लाल डागही उठू दिला नाही, याबद्दल कोण बोलते? जेवणाचे ताट आलेले नाही हे पाहून इन्सुलिनचा डोस थांबवला. गोंधळलेल्या वृद्ध रुग्णाला रात्री शौचाला स्वतःहून नेऊन आणले म्हणून तो पडला नाही. कॅथेटरची आता गरज नाही हे लक्षात आणून दिल्यामुळे ते तिसऱ्या दिवशीच निघाले आणि संसर्गाची संधी गेली. यांपैकी कशाचीही घटना-नोंद होत नाही, कारण घटना घडलेलीच नसते.

परिचारिकेच्या कौशल्याचा मोठा भाग याच न दिसणाऱ्या कामात असतो. तो शोधावा लागतो, आणि शोधण्याची जागा म्हणजे चार्ट. रोज कोणतीही दोन फाइली घेऊन गेल्या २४ तासांच्या परिचर्या-नोंदी शेवटपर्यंत वाचा. दहा मिनिटे लागतात. महिनाभर हे केले तर बोलायला विषय शोधावा लागत नाही.

दुसरे राहून जाणारे काम म्हणजे भावनिक श्रम: मृत्यूनंतर नातेवाइकांसोबत थांबणे, आरडाओरडा करणाऱ्याला शांत करणे. पाळी संपताना "ते कुटुंब तुम्ही सांभाळलंत, आता तुम्ही कशा आहात?" एवढे विचारणे हीसुद्धा दखलच.

आणि तिसरे, होता होता टळलेली चूक स्वतःहून कळवणे. कळवणाऱ्याला त्याच दिवशी धन्यवाद मिळाले नाहीत तर पुढची चूक कळवली जाणार नाही.

कशाचे कौतुक करू नये?

जेवण न करता काम केल्याचे, ताप असताना ड्यूटीवर आल्याचे, सलग दोन पाळ्या केल्याचे, कधीच रजा न मागितल्याचे. ज्याची वाहवा होते ते वाढते. ताप घेऊन आलेली परिचारिका संसर्ग पसरवू शकते, सलग दोन पाळ्या केलेली डोस मोजताना चुकू शकते. अशा वेळी आभार मानावेत, पण त्याबरोबर पुन्हा असे करावे लागू नये म्हणून काय करणार आहात ते सांगावे. त्यागाची गौरवगाथा झालेल्या वॉर्डात रजा मागणारीला अपराधी वाटू लागते.

माझ्याकडे ४० जणी आहेत. प्रत्येकीपर्यंत कशी पोचू?

गणित सोपे आहे. महिन्यात कामाचे २२ दिवस, रोज दोघी, म्हणजे ४४. प्रत्येकीला महिन्यातून किमान एकदा नेमकी दखल मिळते. प्रत्येकीसाठी दोन-तीन मिनिटे धरली तर रोज पाच-सहा मिनिटे.

अडचण वेळेची कमी आणि आठवणीची जास्त असते. आठवणीवर सोडले तर त्याच आठ-दहा जणींची नावे पुन्हापुन्हा येतात: ज्या समोर असतात, ज्या बोलक्या आहेत, ज्यांची पाळी इन्चार्जबरोबर पडते. यावर उपाय म्हणजे एक साधी वही. तारीख, पाळी, नाव, काय पाहिले, सांगितले का, असे पाच रकाने पुरेत. दर चार आठवड्यांनी सगळ्या यादीशी ताडून पाहा. जी नावे एकदाही आली नाहीत ती बहुधा रात्रपाळीच्या, कंत्राटी आणि अबोल परिचारिकांची असतात. पुढच्या चार आठवड्यांत त्यांच्या कामाकडे मुद्दाम लक्ष द्यायचे. नाव रिकामे आहे म्हणून ओढूनताणून काही बोलायचे मात्र नाही. ही वही मूल्यमापनाच्या वेळीही कामाला येते, कारण वर्षभराचे प्रसंग तारखेसह हाताशी असतात.

संख्या ७०-८० वर गेली तर एकटीने हे होत नाही. कॅनडात डायान डोरन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसले की एका व्यवस्थापकाखाली माणसे जितकी जास्त, तितका चांगल्या नेतृत्वाचा समाधानावरचा परिणाम ओसरतो, आणि कोणतीही नेतृत्वशैली त्यावर पूर्ण मात करू शकत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक पाळीच्या प्रमुखाला ही जबाबदारी आणि वही वाटून द्यावी. इन्चार्ज कमी पडते असे म्हणण्यापेक्षा तिच्याखालची संख्या कमी करणे हे वरच्यांचे काम आहे.

रात्रपाळीच्या परिचारिकांचे काय?

रात्रपाळीला इन्चार्ज दिसते ती फक्त सकाळी, आणि तेव्हा तिच्या तोंडी "हे का राहिले?" असते. त्यामुळे दोघींचा संबंध तक्रारीपुरताच उरतो. हे बदलण्यासाठी पंधरवड्यातून एकदा रात्रीच्या हँडओव्हरला हजर राहा आणि पुढचा तासभर थांबा, तपासणी करायला नव्हे, काम पाहायला. सकाळच्या हँडओव्हरमध्ये पहिला प्रश्न "रात्री सगळ्यात अवघड काय होते?" हा असू द्या. उत्तर ऐकताना मोबाइल बाजूला. आणि रात्रीच्या परिचारिकेला बैठकीसाठी किंवा सत्कारासाठी दुपारी झोपेतून उठवून बोलावू नका.

सर्वांसमोर सांगावे की एकांतात?

व्यक्तीवर अवलंबून आहे. म्हणून रुजू होतानाच विचारून ठेवावे: "तुमच्या कामाबद्दल चांगलं सांगायचं असेल तर कसं आवडेल?" काहींना सर्वांसमोर नाव घेतलेले आवडते, काही त्याने संकोचतात, आणि काहींना नंतर सहकाऱ्यांची टीका सोसावी लागते. माहिती नसेल तर आधी एकांतात सांगा आणि "हे उद्या सगळ्यांना सांगितलं तर चालेल का?" असे विचारा. गटाने मिळून केलेल्या कामाचे श्रेय मात्र गटालाच आणि उघडपणे द्यायला हवे. त्यात साफसफाई करणारे आणि वॉर्ड सहायक यांची नावे राहू नयेत.

व्हॉट्सअॅप गटावर लिहिताना रुग्णाचे नाव, बेड क्रमांक, आजार किंवा छायाचित्र यांपैकी काहीही येता कामा नये. अंगठ्याच्या चिन्हाला दखल म्हणता येत नाही.

'महिन्यातील उत्कृष्ट परिचारिका' असा पुरस्कार ठेवावा का?

ठेवला नाही तरी चालेल, असे आमचे मत आहे. नेहमी दोनपैकी एक होते. एक तर ठरावीक चेहऱ्यांना तो पुन्हापुन्हा मिळतो आणि बाकीच्या मनातून बाहेर पडतात. किंवा वाद नको म्हणून तो आळीपाळीने फिरतो, आणि "या महिन्यात माझी पाळी" एवढाच त्याचा अर्थ उरतो. ३० जणींच्या वॉर्डात दर महिन्याला एक विजेती म्हणजे २९ जणी न जिंकलेल्या.

डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले होते. त्यात आधी जाहीर केलेल्या वस्तुरूप बक्षिसांमुळे कामाची आतून असलेली ओढ कमी झालेली आढळली, तर शब्दांतून दिलेल्या सकारात्मक प्रतिसादाने ती वाढलेली. मात्र ते शब्द समोरच्याला वळवण्यासाठी वापरले आहेत असे वाटले तर हा लाभ राहत नाही.

तरीही पुरस्कार ठेवायचाच असेल तर स्पर्धा काढून टाका. निकष लेखी असावेत, संख्या ठरलेली नसावी, नामांकन रुग्ण आणि सहकारी दोघांनाही करता यावे, नामांकनाचा पूर्ण मजकूर त्या परिचारिकेला वाचायला मिळावा, आणि निवड एकट्या इन्चार्जने करू नये. रुग्ण आणि नातेवाइकांच्या नामांकनावर चालणाऱ्या डेझी पुरस्काराची सुरुवात अशाच भावनेतून झाली. १९९९ मध्ये तेहतिसाव्या वर्षी निधन पावलेल्या पॅट्रिक बार्न्स यांच्या कुटुंबाने, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांबद्दलच्या कृतज्ञतेपोटी तो सुरू केला. अशा नामांकनात सन्मानचिन्हापेक्षा लिहिलेला प्रसंग मोलाचा असतो.

नव्या आणि अनुभवी परिचारिकांना सारखीच दखल लागते का?

नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकेच्या वाटचालीच्या नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या इथे उपयोगी पडतात. पहिल्या वर्षात परिचारिकेला आपण बरोबर करतोय की नाही हेच कळत नसते. तिला वारंवार, छोट्या छोट्या गोष्टींवर प्रतिसाद हवा: शिरेत सुई बरोबर लागली, हँडओव्हरमध्ये काही सुटले नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवा.

वीस वर्षे काम केलेल्या परिचारिकेला "सुई छान लावलीत" म्हटले तर तो अपमान वाटेल. तिला तिच्या निर्णयशक्तीची दखल हवी असते: नवा नियम करण्याआधी तिचे मत, अवघड रुग्णाबद्दल सल्लामसलत. अनुभवींकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण त्यांचे चांगले काम गृहीत धरलेले असते. त्यांना नव्यांना शिकवण्याची जबाबदारी देताना एक चूक हमखास होते. बेड तितकेच ठेवून वर शिकाऊ परिचारिका सोपवली जाते. मग सन्मान म्हणून दिलेली गोष्ट शिक्षा ठरते. शिकवायला सांगितले तर त्या पाळीत तिचे रुग्ण कमी करा.

चूक सांगण्याआधी थोडे कौतुक करावे का?

करू नये. कौतुक, चूक, पुन्हा कौतुक असा थर रचला की चूक धूसर होते आणि कौतुकावरचा विश्वास जातो. चूक वेगळ्या वेळी, एकांतात, सरळ सांगा. चुकीच्या आठवड्यात चांगले काम दिसले तर तेही वेगळे आणि तितक्याच सरळपणे सांगा. चूक झालेल्या व्यक्तीशी इन्चार्ज बोलेनाशी होते, हे फार वेळा घडते, आणि त्यातूनच राजीनाम्याचा विचार सुरू होतो.

पक्षपाताचा आरोप आला तर?

वही उघडा. कुणाला किती वेळा, कोणत्या पाळीत, हे मोजा. आरोपात तथ्य निघाले तर ते मान्य करा. शब्द एकीला आणि सोयीच्या सुट्ट्या दुसरीला, असे असेल तर कुणीही शब्दांकडे पाहत नाही, रोस्टरकडेच पाहते. सणासुदीच्या सुट्ट्या, सलग रात्रपाळ्या आणि जड बेड यांचे वाटप तीन महिन्यांचे एकत्र मांडून भिंतीवर लावणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

इन्चार्ज दखलच घेत नसेल तर परिचारिकेने काय करावे?

"तुम्ही कधी कौतुक करत नाही" असे म्हटल्याने फारसे निष्पन्न होत नाही. नेमका प्रतिसाद मागा: "या आठवड्यात मी ट्रेकिऑस्टॉमीचे (श्वासासाठी गळ्यात छिद्र केलेले) दोन पेशंट पाहिले. त्यात तुम्हाला काय बरोबर वाटलं, काय सुधारायला हवं?" स्वतःच्या कामाची महिन्याला चार-पाच ओळींची नोंद ठेवा, रुग्णाची ओळख न लिहिता. मूल्यमापनाला ती घेऊन जा. एकमेकींची दखल घेण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. हँडओव्हर घेताना "तुम्ही ड्रेसिंगची वेळ लिहून ठेवलीत म्हणून माझं काम सोपं झालं" हे वाक्य कुणीही म्हणू शकते.

परिणाम कसा मोजायचा?

सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी निनावी प्रश्नावली भरून घ्या. चार-पाच प्रश्न पुरतात: गेल्या ७ दिवसांत इन्चार्जने तुमच्या एखाद्या नेमक्या कामाचा उल्लेख केला का? दखल न्याय्यपणे घेतली जाते का? अडचण सांगितली तर काही हालचाल होते का? पुढचे वर्षभर याच वॉर्डात राहावेसे वाटते का? उत्तरे १ ते ४ अशा श्रेणीत घेतली तर २.५ हा मध्य धरता येतो. दहापेक्षा कमी उत्तरे असतील तर पाळीनुसार किंवा अनुभवानुसार फोड करू नका, कुणी काय लिहिले ते उघड होते. इन्चार्जने स्वतः कागद गोळा करू नयेत.

राजीनाम्यांच्या आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. २० जणींच्या वॉर्डात एक राजीनामा म्हणजे ५ टक्के, आणि तो घर बदलल्यामुळेही असू शकतो. बदलीचे अर्ज, ऐनवेळी घेतलेल्या आजारी रजा आणि टळलेल्या चुकांची स्वेच्छेने झालेली नोंद हे तीन आकडे एकत्र पाहा. शेवटचा आकडा वाढला तर ते बहुधा चांगले लक्षण आहे.

इन्चार्जची दखल कोण घेणार?

मेट्रन आणि प्रशासन. जिला स्वतःला फक्त खर्च, गैरहजेरी आणि तक्रारी यांवरूनच बोलावणे येते, ती खाली वेगळे काही देऊ शकेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. मेट्रनने इन्चार्जशी महिन्यातून एकदा अर्धा तास बसावे आणि तिच्या वॉर्डातला एक तरी प्रसंग आधीच माहीत करून घेऊन यावे.

रुग्णाच्या नातेवाइकांचे आभाराचे पत्र आले, तर पुढे काय करावे?

ते कार्यालयाच्या फाइलीत अडकू देऊ नका. आले त्याच दिवशी संबंधित परिचारिकेला मूळ पत्र वाचायला द्या, ती रजेवर असेल तर फोन करून वाचून दाखवा. एक प्रत तिच्या वैयक्तिक फाइलीत, एक तिच्या हातात. पत्रात नाव नसेल, नुसते "रात्रीच्या सिस्टर" असे लिहिले असेल, तर रोस्टर काढून त्या रात्री कोण होत्या ते शोधा आणि त्या सर्वांना कळवा. भिंतीवर लावायचे असेल तर रुग्णाची ओळख झाका आणि लिहिणाऱ्याची परवानगी घ्या.